शेवटचा पंखा

सहा पंखे. तीन समोर, दोन वर, एक मागे.
टिमोननं वर्षभर बेकरीत पहाटेचे ट्रे उचलून
एकेक करून आणलेले,
काचेच्या पेटीत स्वतःच्या हातानं बसवलेले.
उजेड पांढरा हवा, हे आधीच ठरलेलं.
"बर्फासारखा, आई. दवाखान्यासारखा नाही."

लावले.
पहिला बर्फासारखा.
दुसरा दुधासारखा.
चौथ्यापाशी दूध नासायला लागलं
आणि मागचा, सहावा,
कुणी मालवायला विसरलेल्या खोलीसारखा
मंद, गुलाबी.

आधी तो म्हणाला, सॉफ्टवेअर.
शंभर टक्के उजेड मागितला. पडदा म्हणाला, दिला.
मग सगळं काढून परत टाकलं. मग बायोस.
मग एकूण एक कनेक्टर उपसून पुन्हा बसवला,
नखं दुखेपर्यंत.
मग काचच धुरकट म्हणून काच काढली,
तर आत तेच, फक्त धुळीसकट.
तीन रात्री मी टॉर्च धरून उभी.
मंद दिवा शोधायला लख्ख दिवा लागतो,
असं मी म्हणून पाहिलं. तो हसला नाही.
खिडकीबाहेर ग्दिन्याच्या बंदरातल्या क्रेन
कुणी न विचारता जळत होत्या.

रविवारी रेमिकचा फोन आला.
नवरा माझा जहाजावर वायरमन,
वर्षातले आठ महिने. या वेळी डर्बनच्या पुढे कुठेतरी.
आधी चित्र गोठतं, मग नाकडोळे चौकोनी होतात,
मग नुसता आवाज उरतो,
त्यातूनही शब्दांची शेपटं गळतात.
टिमोननं तीन रात्रींची कहाणी सांगितली.
त्यानं एवढंच विचारलं,
"पहिला कसा दिसतो? शेवटचा कसा?"
मग म्हणाला, "निळा आधी जातो.
त्याला दाब जास्त लागतो.
मग हिरवा थकतो. लाल चिवट,
तो शेवटपर्यंत धरून बसतो.
दिव्यांत खोट नाही रे, वाट लांब आहे.
पाच व्होल्टांचा जीव तो केवढा,
आणि तू त्याला एका दारातून बाहेर काढून
सहा घरं फिर—"

लाइन तुटली.
आम्ही दोघं त्याच्या अर्ध्या उघड्या तोंडाकडे
बघत बसलो.

खालच्या कप्प्यात त्याचा जुना मीटर होता,
पोटाला चिकटपट्टी बांधलेला.
टिमोन टोकं टेकवत गेला,
मी आकडे वीजबिलाच्या पाठीवर लिहीत गेले.
चार पूर्णांक नऊ.
चार पूर्णांक सहा.
चार पूर्णांक दोन.
शेवटी तीन पूर्णांक आठ.
"इथं पाणी मुरतंय तर," मी म्हणाले,
आणि या खेपेला तो हसला.

दोब्रोमिरच्या दुकानातून तीस झ्लॉटींचा
जुना हब आणला, थेट पॉवर सप्लायवर चालणारा.
तीन पंखे एका वाटेनं, तीन दुसऱ्या.
बटण दाबलं,
आणि खोलीतली प्रत्येक गोष्ट उघडी पडली,
पलंगाखालच्या मोज्यांसकट.
आम्ही डोळ्यांवर हात धरले.
"दवाखानाच झाला की," टिमोन म्हणाला
आणि तीन रात्री ज्याच्यासाठी घालवल्या
तो उजेड आपल्या हातानं
पस्तीस टक्क्यांवर आणून ठेवला.

रेमिकला निरोप पाठवला. एक खूण उमटली.
दुसरी उमटायला दोन दिवस लागले.

यागना सात वर्षांची, झोपते त्याच खोलीत.
पांघरुणातून डोकं काढून म्हणाली,
"मागचा गुलाबी कुठं गेला?"
तो बिघाड होता, मी सांगितलं. बरा केला दादानं.
ती काही बोलली नाही. भिंतीकडे वळली.
तेव्हा कळलं, तीन रात्री ही
कशाच्या उजेडात झोपत होती.

टिमोननं दोनदा टिचकी मारली,
सहावा पंखा पुन्हा गुलाबी केला,
रंग अगदी तंतोतंत जुळवून, मंदपणाही.

तिनं मान वळवून
बराच वेळ पाहिलं.
"हा तो नाही," म्हणाली.
"हा मुद्दाम आहे."